सहीपुरतं कोर्ट

घटस्फोटाच्या तडजोडीत स्वच्छ लिहिलंय, खाली दोघांच्या सह्या आणि कोर्टाचा शिक्का: राहतं घर नवऱ्यानं बायकोच्या नावावर करून द्यावं. त्याला चौदा वर्षं झाली. याच घरात मी कपडे शिवून लेकीला वाढवलं.

नाव बदलायला दोघांनी मिळून नोंदणी कार्यालयात जायचं होतं. त्यानं तीनदा फोन केला. तिन्ही वेळा मी, "तुझं थोबाड बघायचं नाहीये मला," म्हणून फोन आपटला. कागद कुठं पळून जातोय, असं वाटायचं. मूर्ख बाई!

मग तो गेला आणि मृत्युपत्रात घर पुतण्याला देऊन गेला.

पुतण्यानं मृत्युपत्र मंजुरीसाठी कोर्टात लावल्यावर मी तडजोडीचा कागद घेऊन तडक उभी राहिले. न्यायाधीशबाईंनी तो वाचला. म्हणाल्या, "मृत्युपत्र खरं की खोटं, एवढंच या कोर्टाला बघता येतं. घटस्फोटातलं देणंघेणं कौटुंबिक कोर्टात."

कौटुंबिक कोर्टातल्या कारकुनानं तारीख बघितली. "अंमलबजावणीची मुदत टळली, आजी."

"मग मी कुणाच्या नावानं बोंबलू?"

त्यानं पुढच्या माणसाला हाक मारली.

माझे वकील म्हणाले, आता एकच रस्ता उरला. मृत्युपत्र खोटं ठरलं, तर वारस म्हणून घर लेकीला मिळेल आणि तुम्ही तिथंच राहाल. सही त्याची नाही म्हणा.

आयुष्यात कधी खोटी साक्ष दिली नव्हती. पिंजऱ्यात उभी राहिले आणि ठणकावून सांगितलं, "ही सही त्याची नव्हे."

पुतण्याचा वकील शांतपणे उठला. फायलीतून त्यानं माझाच तडजोडीचा कागद काढला. "यावरची सही कुणाची, बाई?"

त्याची नाही म्हणावं तर तडजोडच खोटी. आहे म्हणावं, तर दोन्ही सह्या शेजारी शेजारी, शेवटच्या फटकाऱ्यापर्यंत सारख्या. घरासाठी ज्या कागदाला या कोर्टात कवडीची किंमत नव्हती, तो सही जुळवायला बरा चालला!

"त्याचीच," मी म्हटलं.

मृत्युपत्र मंजूर झालं. बाहेर लेक माझ्याशी बोलेना. पुतण्या जवळ आला, अगदी नम्रपणे. "काकू, घाई नाही. महिनाअखेरपर्यंत राहा."

मी "बरं" म्हटलं.