आठवं नाव

शेवटच्या वर्षाला विषय निवडणं सोपं असतं, असं पहिल्या वर्षाच्या मुलांना वाटतं. माझ्यापुढे दोनच विषय उरले होते आणि दोन्ही मंगळवारी-गुरुवारी सकाळी दहाला. एक, उपग्रहाच्या फोटोंवरून कॉम्प्युटरवर नकाशे करायचा. मला मोजणी खात्यात नोकरी हवी होती आणि तिथे या विषयाशिवाय अर्जसुद्धा घेत नाहीत. दुसरा, हाताने नकाशे काढायचा. त्याला आता कुणी विचारत नाही. तो बाबा शिकवतात.

आठ नावं झाली नाहीत तर वर्ग बंद, असा आमच्या कॉलेजचा नियम. कागद भूगोल विभागाच्या दारावर लावलेला असतो, ज्याने त्याने येऊन आपलं नाव लिहायचं. त्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत होती.

सकाळी चहा पिताना आई म्हणाली, "सात झालीत म्हणे यांची."

"बघू," बाबा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले.

"बघू काय? आठवी ही काय, समोर बसलीय आयता चहा ढोसत."

"तिला लागेल ते ती घेईल," बाबा म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं. तीन वर्षांत त्यांनी मला एकदाही आपल्या वर्गात ये म्हटलं नव्हतं. गळ घातली असती तर मी सरळ नाही तरी म्हटलं असतं. तेवढी सोयही त्यांनी ठेवली नाही.

दिवसभर माझं तळ्यात-मळ्यात चाललं होतं. नोकरीच्या जागा पुढेही निघतील, बाबांचा वर्ग मात्र एकदा बंद झाला की कायमचा, असं चारच्या सुमाराला मनाशी पक्कं केलं आणि विभागाच्या दारापाशी गेले. पेनाचं टोपण काढलं आणि कागद पाहिला.

पहिली चार नावं मुलं लिहितात तशी, कशीही लिहिलेली. एक तर घसरत घसरत खालच्या ओळीत गेलं होतं. पुढची तीन मात्र एका उंचीची, पट्टीने आखल्यासारखी सरळ. नकाशावर गावांची नावं अशी लिहितात. आमच्या कॉलेजात असं अक्षर एकाच माणसाचं आहे. नावंही ओळखीची निघाली. तिघंही बाबांच्याच वर्गातली, गेल्या वर्षी पास होऊन गेलेली. खोटेपणाची सवय नसली की असं होतं. त्यांना नवी नावंसुद्धा रचता आली नव्हती.

आधी मला हसू आलं, मग घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजता क्लार्कबाई कागद काढून नेतात. त्यांना आम्ही 'दुर्बीण' म्हणतो, कारण प्रत्येक नाव त्या हजेरीच्या यादीशी ताडून बघतात. बाबांना नकाशातला ओढान् ओढा पाठ, पण ऑफिसात कागदाचं पुढे काय होतं, याचा पत्ता नाही. वर्ग तर वाचणार नव्हताच, वर सव्वीस वर्षांची अब्रू जाणार होती.

मी कागद काढून पर्समध्ये कोंबला. वहीचं पान फाडून त्यावर खरी चार नावं लिहिली आणि ते दारावर लावलं. म्हणजे लबाडी मीही केलीच. माझं नाव घातलं असतं तरी पाचच झाली असती. म्हणून सरळ ऑफिसात जाऊन कॉम्प्युटरच्या विषयाचा फॉर्म देऊन आले.

पाचला दुर्बीणबाई आल्या, त्यांच्या मागोमाग बाबा. बाईंनी कागद काढला, बोटाने नावं मोजली. "चारच आहेत, सर. रद्द करावा लागेल."

बाबांनी कागद हातात घेतला. माझं अक्षर त्यांना कळलं नसेल, हे शक्यच नव्हतं. "हो, चारच आहेत," ते म्हणाले आणि कागद परत दिला. बाई गेल्या.

व्हरांड्यात आम्ही दोघंच उरलो. बाबांचे कान लाल झाले होते. मला त्यांची फार कीव आली आणि बापाची कीव येते याचा रागही आला.

"कॉम्प्युटरचा घेतलास?"

"हो."

"बरं केलंस." ते दाराकडे बघत म्हणाले, "मी आठही लिहू शकलो असतो. पण वाटलं, तू येशील. म्हणून सातावर थांबलो."

"मी लिहायलाच आले होते, बाबा."

"असू दे, असू दे," ते म्हणाले आणि लहानपणी थोपटायचे तसं त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं. त्यांचा विश्वास बसला नव्हता.