भार खाली टेकेपर्यंत

"या वयात असं होतंच," डॉक्टर म्हणाले, आणि तेही तिच्याकडे नाही, तिच्या नवऱ्याकडे बघून.

नवऱ्याने मान डोलावली. डॉक्टर समोर असले की त्याची मान आपोआप डोलू लागे. तापाच्या गोळ्या लिहून देणाऱ्यापुढेही तो देवापुढे उभा राहिल्यासारखा उभा राही.

"कुठल्या वयात?" तिने विचारलं. "मी त्रेचाळीसची आहे."

"तेच म्हणतोय मी."

"वयानं नाही झालेलं, डॉक्टर. गेल्या वर्षी माझं ऑपरेशन झालं. गर्भपिशवी काढली, बरोबर दोन्ही अंडाशयंही काढली. सगळं फाइलमध्ये आहे. तुमच्या कोपराखाली आहे ती फाइल."

डॉक्टरांनी कोपर उचललं, फाइलीकडे पाहिलं आणि कोपर पुन्हा तिथेच टेकवलं. "घरात काही ताणतणाव?" त्यांनी नवऱ्याला विचारलं.

तिच्या मानेतून तेवढ्यात ती ओळखीची वाफ निघाली. छातीपासून कपाळापर्यंत आतून कुणीतरी भट्टीचं दार उघडावं तशी. चष्म्याच्या काचांवर धुकं आलं, ओठांवर घाम फुटला. ही वाफ जशी दिवसा येई तशीच रात्रीही, आणि झोपेचे तुकडे करून जाई. तिने रुमाल काढला नाही. बघू देत त्यांना, म्हणून तशीच बसली. पण डॉक्टरांचं लक्ष नवऱ्याच्या उत्तराकडे होतं.

"हार्मोन द्यायचे नाहीत का मला?" तिने विचारलं.

"ते मी देत नाही. कॅन्सर होतो त्यानं."

"कुणाला? पिशवी काढलेल्या बाईलाही होतो? माझ्या वयात होतो? किती जणींना होतो?"

"कशाला उगाच विषाची परीक्षा घ्यायची?" डॉक्टर हसले. "संध्याकाळी फिरायला जात जा. मन रमवा कशात तरी."

हे तिसरे. पहिल्यांनी सोयाबीन खायला सांगितलं होतं. दुसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या होत्या, आणि 'मी क्रेन चालवते, मला या चालणार नाहीत' असं तिने सांगितल्यावर ते मोठ्या प्रेमाने म्हणाले होते, "मग सोडा ना थोडे दिवस. बायकांना कशाला हवी क्रेन?"

खाली रस्त्यावर आल्यावर नवरा म्हणाला, "म्हणजे बघ, तिघंही..."

"तिघंही काय?"

"काही नाही."

"मान डोलवायचं तेवढं बंद करा हो. आत तुम्ही मान डोलावता आणि माझं बोलणं खोटं पडतं."

नवरा वाईट माणूस नव्हता. ती रात्री घामाने चिंब होऊन उठली की न बोलता कोरडी चादर आणून देई, पंखा तिच्याकडे वळवी आणि स्वतः भिंतीकडे सरकून झोपे. पण चादरी बदलणं त्याला जमे, डॉक्टरांना प्रश्न विचारणं जमत नसे.

ती पोलादाच्या कारखान्यात छताखालची क्रेन चालवत असे. शिडी चढून काचेच्या केबिनमध्ये बसायचं आणि खाली ट्रकवरून उतरलेल्या पत्र्याच्या अजस्र गुंडाळ्या हुकाला लावून यंत्रापर्यंत न्यायच्या. खालून हातांच्या खुणा करायला एक जण असे. त्याला सगळे 'भोंगा' म्हणत, कारण त्याचा आवाज कारखान्याच्या भोंग्याला लाजवील असा होता. त्या गदारोळात त्या आवाजाचा काडीचाही उपयोग नव्हता, म्हणूनच बहुधा त्याला मुक्या खुणांची कामगिरी दिली होती. तो नवऱ्याचा जुना मित्र. तिला वहिनी म्हणे, आणि ती त्याला भावजी.

या कामाचा एक नियम असा होता, की तो शिकाऊ माणसाला यंत्राला हात लावू देण्याआधी सांगत. हुकाला भार लटकत असेल तोवर खुर्ची सोडायची नाही. कामाची पाळी संपो, जेवणाची सुट्टी होवो, साहेब बोलावो. भार जमिनीला टेकला, साखळदंड सैल झाला, की मग उठायचं. एकदा भर दुपारी वीज गेली. ब्रेक आपोआप लागला आणि गुंडाळी मध्येच अधांतरी राहिली. सगळं शेड जेवायला गेलं, गप्पा मारून परतही आलं. ती मात्र वर अंधाऱ्या केबिनमध्ये बसून होती. खाली भोंगा दोरी लावून कुणाला भाराखालून जाऊ देत नव्हता. वीज आली, तिने गुंडाळी अलगद टेकवली आणि मग शिडी उतरली. यात काही विशेष केलं असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

आणि मग महिन्यापूर्वीची ती सकाळ. रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. गुंडाळी निम्म्या वाटेवर असताना वाफ आली, काच धूसर झाली, आणि त्यापुढचे काही क्षण कुठे गेले ते तिला आजही सांगता येत नव्हतं. बहुधा तिला डुलकी लागली होती. भान आलं ते भोंग्याच्या आवाजाने. त्या कोलाहलावर मात करून, दोन्ही हात पसरून तो जिवाच्या आकांताने ओरडत होता, "वहिनीऽऽ!" तिने थांबवलं. गुंडाळी यंत्रावरच्या माणसापासून हातभर अंतरावर झुलत राहिली.

कुणाला खरचटलंही नाही. ती भार टेकवून खाली आली आणि स्वतः साहेबांना जाऊन म्हणाली, "मला आज वर पाठवू नका. उद्याही नका."

तेव्हापासून ती भांडारात हातमोजे वाटत होती. कारखान्याचे डॉक्टर भले होते. त्यांनीच प्रथम तिला नीट समजावलं, की अंडाशयं इतक्या लवकर काढली तर काही अडचण नसल्यास हार्मोन द्यायचे असतात, निदान नैसर्गिकरीत्या पाळी जाण्याच्या वयापर्यंत. "पण मी फक्त तपासतो. औषध लिहिण्याचा अधिकार मला नाही. उपचार घेऊन या, झोप लागू द्या, मी आनंदानं वर पाठवीन. झोपेची गोळी घेऊन मात्र नाही." वर्षाअखेर क्रेनवर कायमचा दुसरा माणूस नेमला जाणार होता.

चौथ्या डॉक्टरबाई होत्या. बाई म्हटल्यावर तिच्या जिवाला जरा आशा वाटली. त्यांनी ऐकलं, मान हलवली आणि नाजूक जागी लावायचं एक मलम दिलं. मलमाने जिथे लावलं तिथलं कोरडेपण गेलं. वाफा तशाच, रात्री तशाच. ती परत गेली तेव्हा बाई म्हणाल्या, "अंगभर पोचणारे हार्मोन द्यायचे तर ग्रंथींच्या तज्ज्ञांकडे जा." ग्रंथींच्या तज्ज्ञांनी दारातूनच सांगितलं, "हे स्त्रीरोगवाल्यांचं काम. ऑपरेशन कुणी केलं? त्यांच्याकडेच जा."

"चेंडू आहे का मी?" घरी येऊन तिने चपला भिरकावल्या. "हा त्याच्याकडे टोलवतो, तो हिच्याकडे! चांगली धडधाकट बाई होते मी. चाळीस-चाळीस टन झेलत होते. आता हातमोजे मोजते! आणि औषध बाजारात आहे हो, नाही असं नाही. लिहायचं कुणी, एवढाच प्रश्न आहे!"

नवऱ्याने चपला उचलून जागेवर ठेवल्या. "मग जाऊ या त्यांच्याकडे," तो म्हणाला. "ऑपरेशनवाल्यांकडे."

सर्जन मोठे होते, म्हणजे त्यांच्या खोलीबाहेरचा बाक मोठा होता. तिचा नंबर आला तेव्हा त्यांनी हसून स्वागत केलं, पोट तपासलं, टाक्यांच्या व्रणाकडे शिंप्याने आपल्या शिवणीकडे पाहावं तसं समाधानाने पाहिलं.

"फर्स्टक्लास! आता काय तक्रार? कटकटीतून सुटलात की."

तिने सांगितलं. झोप, वाफा, क्रेन, डुलकी, हातभर अंतर, आधीचे सगळे डॉक्टर. सर्जन मध्येच घड्याळाकडे बघू लागले.

"हे बघा, हा माझा विषय नाही. माझं काम काढण्याचं. ते उत्तम झालेलं आहे. पुढचं दुसरे बघतात."

"कोण दुसरे?"

"बाहेर काउंटरवरची मुलगी सांगेल तुम्हाला." त्यांनी घंटी दाबली. "झालं तर मग. पुढच्यांना पाठवा!"

ती उठली नाही.

"बाई, झालं."

"नाही झालं," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच नवऱ्याने दचकून तिच्याकडे पाहिलं. "डॉक्टर, आमच्याकडे एक नियम आहे. ज्यानं भार उचलला, त्यानं तो खाली टेकेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. जेवायला जायचं नाही, घरी जायचं नाही, 'पुढचं दुसरे बघतात' म्हणायचं नाही. मी हा नियम कधी मोडला नाही. डुलकी लागली त्या दिवशीसुद्धा आधी भार टेकवला, मग उतरले. तुम्ही माझ्या पोटातून अंडाशयं काढलीत. त्यानंतर काय होणार ते तुम्हाला ठाऊक होतं, मला नव्हतं. आणि मला हुकाला तसंच लटकत ठेवून तुम्ही हात धुतलेत. मी वर्षभर लटकते आहे, डॉक्टर!"

"आवाज खाली..."

"आवाज खालीच आहे. चढला तर बाहेरच्या बाकापर्यंत जाईल."

सर्जनांनी नेहमीचा उपाय केला. ते नवऱ्याकडे वळले. "तुम्ही जरा समजवा यांना."

नवरा तोवर नेहमीप्रमाणे दाराजवळ उभा होता. त्याची मान सवयीने हललीच, थोडीशी. मग ती थांबली. तो पुढे आला, तिच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि तीत बसला.

"मला समजलंय, डॉक्टर," तो म्हणाला. "तुम्हीच समजून घ्या."

दार उघडून पुढची बाई अर्धवट आत आली, तिघांकडे पाहून तशीच मागे सरली. सर्जनांनी एकदा दाराकडे, एकदा घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी फाइल ओढून उघडली.

रक्तदाब घेतला. घरात कुणाला स्तनाचा कॅन्सर? नाही. पायात रक्ताची गाठ? नाही. यकृताचा त्रास, अर्धशिशी, धूम्रपान? नाही, नाही, नाही. स्तनांची तपासणी करून घ्या, त्याची चिठ्ठी देतो. हा हार्मोनचा पॅच, पोटाच्या खालच्या बाजूला चिकटवायचा, आठवड्यातून दोनदा बदलायचा. पिशवी नाही, तेव्हा बरोबर दुसरं काही लागणार नाही. दोन महिन्यांनी दाखवायला या.

"इथेच?" तिने विचारलं.

"इथेच," ते कागदावरून नजर न उचलता म्हणाले.

दाराबाहेर आल्यावर नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, झालं एकदाचं! आता हस की जरा."

पण तिला हसू येईना. उलट आता कुठे तिला खरा संताप आला. "एवढंसं होतं," ती म्हणाली. "बघितलंत ना तुम्ही? रक्तदाब घ्यायचा, चार प्रश्न विचारायचे, एक ओळ लिहायची. एवढंसं! यासाठी वर्ष घालवलं यांनी माझं. यासाठी एक माणूस मरता मरता वाचला. कठीण काही असतं तर मी माफ केलं असतं हो!"

नवऱ्याने या वेळी मान डोलावली नाही.

मघाची बाई बाकाच्या टोकाला बसली होती. तिच्यापेक्षा वयाने लहानच असावी. हातातल्या फाइलीने ती स्वतःला वारा घालत होती, आणि तिच्या कपाळावरचा घाम उन्हाचा नव्हता हे ओळखायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती.

आतली घंटी वाजली. ती बाई लगबगीने उठली.

"अहो, ऐका," क्रेनवाली तिचा दंड धरून म्हणाली. "ते 'झालं' म्हणतील. तुमचं झालेलं नसलं, तर खुर्चीवरून उठू नका."