लाय-फोंगकडचं बीफ हो-फन

दुकानाचं शटर खाली ओढलेलं होतं आणि त्यावर एक लाल कागद डकवला होता. 'मालकाच्या मुलीचं लग्न. दुकान उद्या उघडेल.'

लाय-फोंगने कागद वाचला आणि ती जागीच थबकली. तिच्यामागे मोक उभा होता. हातात संत्र्यांची पिशवी, अंगात इस्त्रीचा शर्ट. इस्त्री त्याची त्यानेच केली होती, हे तिला लांबूनच कळलं होतं. बाहीवर एकाच्या जागी दोन घड्या पडल्या होत्या.

"आजच मुहूर्त सापडला का यांना!" ती म्हणाली.

"लग्नाचाच आहे ना? मग शुभशकुन समज," मोक म्हणाला.

"शकुन कसला डोंबलाचा? आई सकाळपासून विचारताहेत, हो-फनच्या तयार पेट्या आणणार ना, म्हणून. या दुकानाशिवाय त्यांना कुणाचं बीफ हो-फन चालत नाही. आता तुम्हाला घेऊन रिकाम्या हाताने वर कशी जाऊ?"

'आई' म्हणजे तिची सासू. क्वाय चुंगच्या टेकडीवरच्या सरकारी वसाहतीत, अकराव्या मजल्यावर, या दोघींचं घर होतं. लाय-फोंग वसाहतीच्या पायथ्याशी असलेल्या लाँड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. लग्न होऊन आली तेव्हा पंचविशीत होती. आता पन्नाशी उलटली. मूलबाळ झालं नाही. नवरा वाय-हुंग नऊ वर्षांपूर्वी यकृताच्या दुखण्याने गेला. सासू-सुनेचं भांडण नवरा असतो तोवरच रंगतं. तो गेला की कुणाच्या बाजूने कोण, हा प्रश्नच संपतो. या दोघीही हळूहळू एका घरातल्या दोन बायका होऊन गेल्या होत्या. एक कामावर जायची, दुसरी टीव्हीसमोर बसून तिची वाट बघायची, आणि आल्यावर उशीर झाला म्हणून चार शब्द ऐकवायची.

मोक टेकडीवर जाणारी मिनीबस चालवायचा. आपला थांबा आला की प्रवाशाने मोठ्याने ओरडून सांगायचं, अशी त्या बसची रीत. लाय-फोंगचा आवाज मुळातच बारीक. एकदा ती पुटपुटली ते मोकला ऐकू गेलं नाही आणि बिचारी पार शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन आली. तेव्हापासून वळण आलं की मोकच हाळी द्यायचा, "लाँड्रीवाल्या बाई, उतरायचंय ना?" अख्खी बस हसायची. पुढे पुढे लोक हसायचे थांबले, आणि तीही खिडकीऐवजी ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसू लागली. गेल्या नववर्षाला त्याने लग्नाचं विचारलं. तिने हो म्हटलं. आज तो पहिल्यांदाच घरी जेवायला येत होता.

"घरीच करू या," मोक म्हणाला.

"तुम्हाला येतं?"

"नाही. तुला?"

"नाही."

"मग झालं तर! कुणी कुणाला नावं ठेवायला नको."

बाजारातली शेवयावाली गाशा गुंडाळायच्या बेतात होती. हो-फनच्या, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या ताज्या, रुंद, चकचकीत पट्ट्या पिशवीत भरता भरता तिने दोघांकडे बघितलं. "पहिल्यांदाच करताय वाटतं? मग दुप्पट न्या. पहिला घाणा वाया जातोच." खाटकाने बीफचे पातळ काप करून दिले. मुगाचे लांब मोड, कांद्याची पात, आल्याचा तुकडा, असं सगळं घेऊन दोघं वर आले.

म्हातारी दारातच खुर्ची टाकून बसली होती. अंगावर सणासुदीचं निळं रेशमी जाकीट. मोकने वाकून संत्री पुढे केली.

"हा तो ड्रायव्हर?" म्हातारीने सुनेला विचारलं. जणू तो समोर नव्हताच. "आणि पेट्या कुठायत?"

"दुकान बंद आहे, आई. मालकाच्या मुलीचं लग्न आहे. आम्ही घरीच करणार आहोत."

"कोण, तू? पंचवीस वर्षांत तुझा भात एकदा तरी मोकळा झालाय का?"

"काकू, मी आहे ना मदतीला," मोक म्हणाला.

"तू गप्प बस. तू पाहुणा आहेस."

स्वयंपाकघर एवढं चिंचोळं होतं, की एकाने श्वास घेतला तर दुसऱ्याने सोडायचा. लाय-फोंगने बीफला सोया सॉस, चिमूटभर साखर, थोडं कॉर्नफ्लॉवर आणि तेल चोळून ठेवलं. मोकने बाह्या सरसावल्या. त्यांच्या सगळ्या घड्या एकदमच संपल्या. कढई तापली. बीफ टाकल्यावर चर्रकन आवाज आला तेव्हा दोघांनी एकमेकांकडे मोठ्या कौतुकाने पाहिलं. मग मोकने उत्साहाच्या भरात पिशवीतल्या निम्म्या पट्ट्या एकदम कढईत लोटल्या. कढईचा ताव गेला. पट्ट्या आधी चिकटल्या, मग तुटल्या. रंग येईना, म्हणून मोकने काळ्या सोया सॉसची बाटली उपडी केली ती पार रिकामी होईपर्यंत. शेवटी कढईत उरला तो एक काळाकुट्ट गोळा.

म्हातारी काठी टेकत दाराशी आली आणि तिने आत डोकावलं. "हे काय, डांबर? रस्ता बांधायचाय का घरात?"

मोक खो खो हसत सुटला. लाय-फोंगच्या डोळ्यांत मात्र धुराने की कशाने पाणी आलं होतं.

"दुकानातला आचारी एका वेळी एकच पेटी करतो," म्हातारी म्हणाली. "त्या काचेबाहेर रांगेत उभं राहून राहून माझे पाय झिजलेत, पण एवढं तरी बघून ठेवलंय. तुम्ही तिघांचं एकदम ओतलंत. जा रे ड्रायव्हर, खालून सॉसची नवी बाटली घेऊन ये."

मोक गेला. लाय-फोंग कढई घासायला लागली. म्हातारी दारातून हलली नाही.

"फोंग," तिचा आवाज खाली आला होता. "तो नाहीये तोवर एक विचारून घेते. माझी सोय कुठे लावणार आहेस?"

लाय-फोंगचा हात थांबला. "सोय म्हणजे?"

"म्हणजे काय, कळत नाही का तुला? समोरच्या इमारतीतली लिन आता युएन लाँगच्या वृद्धाश्रमात असते. जेवण अळणी असतं म्हणते, पण पलंगाशेजारी खिडकी आहे म्हणे. मी राहीन. रडणार-बिडणार नाही. फक्त मला आधी सांग. एके दिवशी अचानक सांगू नकोस. हिवाळ्याचे कपडे मी वेगळे काढून ठेवलेत."

ते गाठोडं लाय-फोंगने मागच्या आठवड्यात पाहिलं होतं. जुने कपडे कुणाला तरी द्यायचे असतील, असं तिला वाटलं होतं. ते कशासाठी होतं, ते आता कळलं. ही म्हातारी एकटीच बसून एकेक स्वेटर घडी करत असेल आणि आपण कामावरून येऊन तिला विचारत असू, 'आज टीव्हीवर काय झालं?' चूक आपलीच होती. मोकशी तिचं सगळं बोलणं झालं होतं, फक्त एवढंच राहिलं होतं. राहिलं कसलं, तिने राहू दिलं होतं. तो नाही म्हणाला तर काय, या भीतीने तिने विचारायचंच टाळलं होतं. आणि न बोललेल्या गोष्टीचा अर्थ म्हातारीने आपल्या परीने लावून टाकला होता.

"आई..." ती म्हणाली, तेवढ्यात घंटी वाजली.

लाय-फोंगने आतलं दार उघडलं, पण बाहेरची लोखंडी जाळी उघडली नाही. जाळीपलीकडे मोक धापा टाकत, बाटली हातात घेऊन उभा होता.

"लिफ्टला रांग होती," तो म्हणाला.

"आत यायच्या आधी एक ऐकून घ्या." तिचा बारीक आवाज कापत होता, तिने तो मुद्दाम वर चढवला. बसमध्येसुद्धा ती कधी एवढ्या मोठ्याने बोलली नव्हती. "मी आईंना सोडून कुठेही येणार नाही. हे तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही. तुम्हाला जमणार नसेल तर राग नाही. बाटली जाळीतून द्या, आणि... आणि जा."

मोक बाटलीकडे बघत राहिला. मग त्याने मान खाजवली.

"माझी खोली सहाव्या मजल्यावर," तो म्हणाला. "लिफ्ट नाही. काकूंना पाठीवर घेऊन चढउतार करायचं माझं वय राहिलं नाही."

लाय-फोंगचा चेहरा उतरला. तिने बाटलीसाठी हात पुढे केला.

"अगं, पुढे तर ऐक! म्हणून म्हणतो, मीच इकडे आलो तर? दोन महिने झाले विचारीन विचारीन म्हणतोय, पण बायकोच्या सासरी राहायला जाणारा माणूस कधी ऐकलायस? लोकांचं सोड. काकू काय म्हणतील, याचीच मला धास्ती."

शेजारच्या घरात कुणीतरी भांडी आपटत होतं. मग आतून आवाज आला.

"घोरतोस का रे?"

मोकने जाळीला तोंड लावलं. "एकटा राहतो, काकू. कोण सांगणार?"

"मी सांगेन. पहिल्याच रात्री सांगेन." काठीचा टकटक आवाज जवळ आला. "आणि गं, जाळीतून काय बोलतेस त्याच्याशी? तुरुंगात भेटायला गेलीयेस का? घे त्याला आत. घरजावई ठेवलेले पाहिलेत मी. सुनेचा नवरा घरात ठेवून घेणारी मीच पहिली म्हणायची!"

जाळी सरकवताना लाय-फोंगच्या हातून कडी दोनदा निसटली.

दुसऱ्या घाण्याला स्वयंपाकघरात तिघं होते. खरं तर अडीच; म्हातारीने उंबऱ्यात खुर्ची टाकली होती आणि तिथून काठीने हुकूम सोडत होती. "अजून तापू दे. धूर निघू दे म्हणते ना! आता मांस टाक, आणि उलटसुलट करून बाहेर काढ. मूठभर पट्ट्या, फोंग, मूठभर! कालथा नको, जेवायच्या काड्यांनी हलव." मोक दोन्ही हातांनी कढई हलवत होता, लाय-फोंग लांब काड्यांनी पट्ट्या सोडवत होती. आधी मोड आणि पात, मग परतलेलं बीफ, मग कडेने सोया सॉस. सॉस तापल्या लोखंडाला लागला तसा तो जळका, गोडसर वास उठला. दुकानाच्या काचेबाहेर उभं राहिल्यावर भूक खवळवणारा, अगदी तोच.

पहिली बशी म्हातारीला मिळाली. तिने एक पट्टी उचलली, दिव्यापुढे धरून पाहिली, मग तोंडात टाकली. दोघं उभेच होते.

"दुकानाची सर नाही," ती म्हणाली. सावकाश चावत राहिली. "पण खाववतंय."

दुसरा घास तिने लगेच घेतला. तिसराही. उरलेले दोन घाणे काढता काढता मोकने अर्धं उभ्यानेच खाल्लं. म्हातारीने त्याला विचारून घेतलं की तो आंघोळ सकाळी करतो की रात्री, आणि कोणत्या बाजूला झोपतो. या प्रश्नावर लाय-फोंग कानापर्यंत लाल झाली. संध्याकाळच्या फेऱ्या होत्या म्हणून तो लवकर उठला. जाताना म्हातारीने त्याला सांगितलं, "येत्या रविवारी ये. येताना तुझी उशी आण. कशी आहे ते बघू. दगडासारखी असेल तर नवी घेऊ."

तो गेल्यावर लाय-फोंग भांडी घासायला लागली. मागे काठीचा आवाज झाला नाही, फक्त खुर्ची सरकली. तिने मान वळवून पाहिलं. देव्हाऱ्यातल्या लाल दिव्याखाली वाय-हुंगचा फोटो होता. म्हातारीने शेवटच्या घाण्यातलं थोडं हो-फन लहान वाटीत वेगळं ठेवलं होतं. ती वाटी तिने दोन्ही हातांनी फोटोपुढे ठेवली.

"खा," ती म्हणाली. "तुझ्या बायकोने केलंय. आजवर तिला असं कधी जमलं नव्हतं." जरा थांबून पुढे म्हणाली, "घरात एक माणूस वाढतंय. चांगला आहे. थोडा बडबड्या आहे. तू जरा सरकून घे."

लाय-फोंगने नळ बंद केला आणि ओल्या हातांनी तशीच उभी राहिली.

म्हातारीने काड्यांची जोडी वाटीच्या उजवीकडे ठेवली. मागे सरून पाहिलं. मग पुन्हा पुढे होऊन तिने काड्या उचलल्या आणि डावीकडे नीट जुळवून ठेवल्या. वाय-हुंग डावखुरा होता.