राबाचा ठिपका

नाशिकच्या त्या कचेरीत सुनीलची किंमत एका शब्दापुरती होती, आणि तो शब्द म्हणजे 'राब'. उपग्रहाच्या चित्रात पेठच्या डोंगरावर लाल ठिपका उमटला की हर्षाली मॅडम खुर्ची वळवून विचारायच्या, वणवा की राब? सुनील पेठकडचा. भाताची रोपं टाकण्याआधी पालापाचोळा पसरून जमीन भाजतात, तो राब त्याने लहानपणापासून पाहिलेला. तो 'राब' म्हणाला की विषय मिटला. वनखात्याला फोन जायचा नाही, गाडी निघायची नाही. एवढ्याशा भांडवलावर माणसानं किती फुगावं? गावी गेला की सांगायचा, तुमची चूलसुद्धा मला वरून दिसते. म्हाताऱ्या बाया पदर सावरून आभाळाकडे बघायच्या.

मेच्या त्या दुपारी ठिपका आला तो थेट त्याच्या गावावरच्या उतारावर. तिथं सागाचं रान, आणि रानाच्या कडेला त्याच्या बापाचा, पुंजाचा, जमिनीचा तुकडा. वनजमिनीच्या हक्काचा पट्टा सरकारकडून अजून हातात यायचा होता. आग तिथली ठरली तर तुकडा जाणार, वर केस होणार. म्हाताऱ्यानं हट्टानं वरच राब भाजला असणार, असं सुनीलने मनाशी ठरवून टाकलं. पण राबाचा धूर गरीब. जागच्या जागी विरतो. ह्या धुराला शेपूट फुटलं होतं, म्हणजे आग रानात शिरली होती.

"राब का?" मॅडमनी विचारलं.

"राबच," सुनील म्हणाला. इतक्या चटकन, की मॅडमनी त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि मग चहा मागवला.

त्यांना त्या दिवशी दुसरीच काळजी होती. गुजरातकडून धुळीचा लोट येत होता. दर नव्या चित्रात तो तपकिरी पट्टा पुढे सरकलेला दिसे. आधी सुरगाणा झाकला, मग पेठ. मॅडम इशारा लिहायला बसल्या. धुळीच्या पाठीशी वारा असतो, हे सुनीलला कुणी सांगायला नको होतं. शेपूट लांबत गेलं, तपकिरीत शिरलं, आणि धूर कुठला नि धूळ कुठली ते ओळखू येईना. ठिपके टिपणारा उपग्रह आता रात्रीच परतणार होता.

तो बाहेर गेला आणि आईला फोन लावला. बाबाने वरचा राब विझवला का, एवढंच विचारलं.

"वर कसला राब?" वत्सलाबाई म्हणाली. "राब घरामागं भाजला, तो कवाच विझला. वर रान पेटलंय. तुझा बा अन् सारे गडी गेलेत डहाळ्यांनी आग झोडपायला."

वनखात्याला कळवलं का, असं त्याने विचारलं.

"नाय. पोरं लावत व्हती फोन. तुझा बा म्हनला, कशाला? आपला सुनील वरून बघतोय, गाडी कवाच निघाली असंल." मागे कुणीतरी खोकत होतं. "निघाली ना रं?"

सुनीलने फोन न ठेवताच आत धाव घेतली. मघाचा तो वणवा होता, खोटं बोललो, माणसं वर आहेत, असं एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी वनखात्याचा नंबर फिरवला, पलीकडचं ऐकलं, आणि रिसीव्हरवर हात ठेवून विचारलं, "माणसं आगीच्या कुठल्या अंगाला आहेत?"

सुनीलने हातातला फोन कानाला लावला. तो कधीच तुटला होता. पुन्हा लावला, मग बापाला लावला. कुठलाच लागेना. मॅडम वाट पाहत होत्या.