पाटाखालचं लायसन

मे महिन्यात लालबागच्या त्या चाळीत दुपारी कोणाचा डोळा लागत नाही. खाली मसाला कुटायचे डंक धडधडत असतात आणि मिरचीचा खकाणा तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. कौसल्याबाई मात्र त्या दिवशी वेगळ्याच कारणाने जाग्या होत्या. लेक आणि सून मिलानच्या विमानतळावर उतरणार होते. तिथेच भाड्याची गाडी घ्यायची आणि दहा दिवस डोंगरांतून, तळ्याकाठांनी हिंडायचं. आणि गाडी चालवणार त्यांचा हितेंद्र. सून नव्हे.

ही व्यवस्था त्यांनी स्वतः करून ठेवली होती.

आदल्या रात्री दोघं निघताना त्यांनी पासपोर्ट, तिकिटं, सगळे कागद ताटात घालून देवापुढे मांडले आणि एकेकाला कुंकवाचं बोट लावलं. पोराच्या दहावीच्या हॉल तिकिटापासून हा शिरस्ता. देवाला दाखवल्याशिवाय कागद उंबऱ्याबाहेर जात नसे. ताटात सुनेचं लायसन होतं, आकांक्षाचा हसरा फोटो असलेलं. हितेंद्रचं दिसेना. विचारलं तर म्हणाला, "पाकिटात आहे गं आई. गाडी मीच चालवणार."

पण सुनेचा काय भरवसा? ही बया स्टेअरिंग धरून बसणार आणि माझा झील बाजूला पिशव्या सांभाळणार! ताट परत देताना त्यांनी सुनेचं तेवढं कार्ड देवाच्या पाटाखाली सरकवलं. देवालाही बजावलं, आता तूच बघ.

साडेचारला व्हिडिओ कॉल आला. मागे लांबलचक काउंटर, त्यापलीकडे गळ्यात रुमाल बांधलेली गोरी पोरगी, आणि अलीकडे आकांक्षा, पर्स उलटी करून.

"आई, देव्हाऱ्यापाशी माझं लायसन राहिलंय का बघा."

"सुखरूप पोचलो, एवढं तरी सांगशील की नाही?"

"पोचलो. लायसन बघा."

"तुझ्या वस्तू तू सांभाळायच्या. मी कशाला बघू?"

"कारण ताट तुम्ही भरलं होतंत."

हितेंद्रने फोन हिसकावला. "आई, हिला डोकंच नाहीये! परदेशात चालवायच्या परवान्याचं पुस्तक आणलं आणि मूळ कार्ड विसरली. ही काउंटरवाली म्हणते, नुसत्या पुस्तकावर चावी मिळणार नाही. मागे रांगेतले लोक खाऊ का गिळू करतायत."

"मी विसरले नाहीये!"

"मग कार्डाला पाय फुटले? पर्स आहे की बोहारणीचं बोचकं? बावळट कुठली!"

खोटं कशाला सांगा, कौसल्याबाईंना आधी बरंच वाटलं. मग त्या मोठेपणाने म्हणाल्या, "हितू, ओरडू नको रे. तुझं लायसन आहे ना? ते दे त्या पोरीला. विषय संपला."

पडद्यावर हितेंद्र मान वळवून काउंटरकडे बघू लागला.

"हितू?"

"आवाज कटतोय, आई."

"काही कटत नाहीये," आकांक्षाचा आवाज आला. "सांग त्यांना."

"तू गप बस!"

"वर्षभर गप्पच होते. चार लोकांसमोर मला बावळट म्हणालास ना, आता ऐक. आई, तुमच्या मुलाकडे लायसन नाही. दोनदा टेस्टला नापास झालाय. गाडीचं बुकिंग माझ्या नावावर आहे. तुम्हाला कळू देऊ नको म्हणून माझ्या हातापाया पडला होता."

ज्या सुनेला कौसल्याबाई चारचौघांत टोचत आल्या, ती वर्षभर त्यांच्याच लेकाची लाज झाकत होती.

आताही सुटका सोपी होती. 'नाही गो, इथे काही नाही' एवढं म्हटलं की संपलं. आळ पर्सवर गेलाच होता. लेक त्यावर आणखी चार शिव्या घालणार होता. पण गेल्या एकादशीच्या कीर्तनात बुवा टाळ थांबवून म्हणाले होते, "लबाडीचा नैवेद्य देव उष्टा करीत नाही हो. तो तुमच्याच ताटात परत येतो." तेव्हा कौसल्याबाईंनी शेजारणीकडे बघून मान डोलावली होती.

त्यांनी पाट उचलला. कार्ड फोनसमोर धरलं.

"विसरली नाही ती. मी ठेवलं. मुद्दाम. गाडी तुझ्या हातात राहावी म्हणून."

"आई! अगं, अक्कल आहे का तुला?" हितेंद्र किंचाळला.

"तू तर बोलूच नकोस," आकांक्षा म्हणाली. तिने फोन काढून घेऊन पडदा काउंटरकडे वळवला, काहीतरी विचारलं. गोऱ्या पोरीने कार्डाकडे पाहिलं, मान हलवली आणि मागच्या माणसाला पुढे बोलावलं. मूळ कार्ड हातात हवं. फोनमधलं चालत नाही.

"आकांक्षा, माझं चुकलं गो. कुरिअरने पाठवू?"

"आमचा मुक्काम रोज नव्या गावात. पोचेपर्यंत आम्ही परत येऊ." तिचे डोळे भरलेले होते, आवाज मात्र कोरडा ठणठणीत. "आठ महिने बघत होते त्या रस्त्यांचे फोटो. आता बसने फिरू. तुमच्या मुलाला खिडकी देईन."

कौसल्याबाई पदराने कार्डावरचं कुंकू पुसू लागल्या.

"पुसू नका!" आकांक्षा ओरडली. "तसंच ठेवा. पाटाखाली नाही, पाटावर. मी आले की तिथून उचलेन. आणि मग बोलू."

फोन बंद झाला.

दिवेलागणीला त्यांनी वात लावली, हात जोडले. पाटावर देवाच्या पुढ्यात कार्ड उभं होतं, हसऱ्या चेहऱ्याच्या कपाळावर कुंकवाचं बोट. देवाकडे बघायचं, तर आधी सुनेच्या डोळ्याला डोळा द्यावा लागत होता.