शनिवारची धुण्याची वेळ

आमच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांची मिळून एक धुण्याची खोली आहे. बाहेरच्या पाटीवर नाव लावून प्रत्येक घराने आपली तीन तासांची वेळ राखून ठेवायची. ती पाटी गेली एकोणीस वर्षं मी सांभाळते. स्वीडनमधल्या आमच्या गोथेनबर्गमध्ये लोक एकवेळ मूत्रपिंड देतील, पण धुण्याची वेळ देणार नाहीत.

म्हणून तिसऱ्या मजल्यावरची टिल्डा आठवड्यातून चारदा नाव लावायला लागली तेव्हा माझं डोकंच फिरलं. घरात माणसं दोन, ती आणि तिचा जोडीदार रासमुस. एवढे कपडे हे मळवतात तरी कुठे? तिला चांगलं फैलावर घ्यायचं ठरवून मी खाली गेले.

यंत्र फिरत होतं आणि आत एकच मोजा होता. टिल्डा बाकावर सफरचंद खात बसली होती. तिची बाही वर सरकली होती आणि दंडावर चार बोटांचे निळे वळ होते.

तोंडाशी आलेलं सगळं मी गिळलं. "रासमुस?"

"हं." तिने बाही खाली ओढली. "बाहेर निघाले की कुठे, कोणाबरोबर, किती वेळ. फोनसुद्धा वरच ठेवून यायचा. धुण्याला मात्र तो काही म्हणत नाही. इथे तीन तास शांत बसता येतं."

"अगं, मग पोलिसांकडे का नाही जात?"

"तो म्हणतो, तुझ्यावर विश्वास कोण ठेवणार? सगळ्यांशी किती गोड वागतो, बघतेस ना तू, मायकेन."

बघत होते खरी. जिन्यात भेटला की माझी पिशवीसुद्धा उचलायचा मेला.

मी माझा फोन तिच्या हातात दिला. तिने महिलांच्या मदतकेंद्राला लावला. पलीकडे इल्वा नावाची बाई होती. तिने घाई केली नाही, तुला काय हवंय एवढंच आधी विचारलं. मग ठरलं: शनिवारी सकाळी इल्वा साध्या कपड्यातल्या पोलीस बाईला घेऊन येईल, तक्रार या खोलीतच लिहून घेतील आणि इथूनच टिल्डा सुरक्षित जागी जाईल.

अडचण एकच होती. शनिवारची सकाळ तळमजल्यावरच्या टूरेची, माझ्याही आधीपासून.

"टूरे, शनिवारची वेळ मला दे. कारण विचारू नकोस."

त्याने चष्म्यावरून पाहिलं. "तिसऱ्या मजल्यासाठी?"

मी मान डोलावली.

"घे. पुढचा शनिवारही घे. माझे पडदे मळकेच बरे दिसतात."

म्हणजे त्यालाही ठाऊक होतं तर.

शनिवारी इल्वाबरोबर पोलीस बाई चक्क चादरींचं गाठोडं घेऊन आली. मी दाराबाहेर खुर्ची टाकून विणत बसले. दोन तासांनी रासमुस हसत हसत जिना उतरला.

"टिल्डा आत आहे ना?"

"आहे. वेळ तिच्या नावावर आहे."

"अगं, आम्ही एकाच घरातले."

"पाटीवर तुझं नाव दाखव."

आणि तो खरंच नाव शोधायला लागला! शेवटी पडला इथलाच. तेवढ्यात पोलीस बाईने दार उघडलं. तिचे दोन सहकारी बाहेर गाडीत होतेच. ते त्याला घेऊन गेले.

मग तिने मला आत बोलावलं. "तू त्यांच्या खालच्याच मजल्यावर राहतेस. कधीपासून ऐकू येतंय?"

माझे कान तापले. "ऑक्टोबरपासून," मी म्हटलं. आता मार्च होता. भिंतीवर काहीतरी आदळायचं, टिल्डा रडायची आणि मी रेडिओ मोठा करायचे. पोलीस बाईने पुढे केलेल्या जबाबाच्या कागदावर तेही लिहून टाकलं. लाज वाटली, फार वाटली. टिल्डाकडे बघायची हिंमत होईना.

ती येऊन माझ्या शेजारी बसली. "पहिल्यांदा ऐकलंस ती तारीख आठवते?"

"चौदा ऑक्टोबर. माझा वाढदिवस होता."

"मग तीही लिही," टिल्डा म्हणाली. तिने माझा हात घट्ट धरला. "मला वाटायचं, हे माझ्याशिवाय कोणालाच माहीत नाही."

मी तारीख घातली आणि खाली पूर्ण नाव लिहून सही केली.