आईच्या दोघींतली डावी

मित्रांनो, त्या सोमवारी दुपारी आईनं मला शेवटचं पाणी पाजलं.

"पिलास का रे?" तिनं स्वयंपाकघरातून केदारला विचारलं.

"पितो."

"पितो न्हाई, पी. तिला तहान लागली असंल."

ती म्हणजे मी. केदारनं तांब्या तोंडाला लावला. मला दिवसाला तीन लिटर पाणी लागतं. आईला मात्र दिवसभरात तीन पेल्यांवर मुभा नव्हती. तिचं रक्त आठवड्यातून दोनदा यंत्रानं धुवावं लागे आणि जास्तीचं पाणी तिच्या अंगात साठे. ती लिंबाची फोड चोखत बसली, आणि तिच्या देखत मी पोटभर प्यायले.

मंगळवारी सकाळी जालन्याला डायलिसिसला निघालेली आई परतूर स्टेशनच्या बाकावर टेकली, ती उठलीच नाही. तिचं हृदय थांबलं. आता तिचं जिवंत असं मी एकटीच उरले आहे, आणि माझंही काही खरं नाही. म्हणून हे सांगायला बसले.

मी एक जुनी किडनी आहे. पुस्तकात मला मूत्रपिंड म्हणतात. माझं वय छप्पन्न. पहिली सत्तेचाळीस वर्षं मी रजनीबाईंच्या, म्हणजे आईच्या, डाव्या कुशीत राहिले. उजवीकडे माझी बहीण होती. आईचं हृदय आम्हां दोघींना सारखंच ऐकू येई. आमच्यात कधी भांडण झालं नाही, कारण भांडायला कारणच नव्हतं.

मग केदारच्या दोन्ही किडन्या गेल्या. तो बावीस वर्षांचा होता. त्याची बहीण यशश्री चोवीसची. रक्तगट दोघींचाही जुळत होता, आईचा आणि यशश्रीचा. पण यशश्रीला कोणी विचारलंच नाही. "पोरीचं लग्न व्हायचंय," एवढं म्हणून मोठ्यांनी विषय मिटवला, आणि आई पदर खोचून उभी राहिली.

औरंगाबादच्या त्या दवाखान्यात मी एक गोष्ट पाहिली. त्या आठवड्यात ओळीनं सहा खाटांवर देणारी माणसं होती. चार आया, एक बायको, एक बहीण. घेणारे सहाही पुरुष. सगळीकडे असंच असतं का, ते मला ठाऊक नाही. त्या ओळीत तसं होतं.

मला केदारच्या पोटात, उजव्या बाजूला खाली, बसवलं. त्याच्या स्वतःच्या दोघी वर पाठीशी तशाच आहेत, सुकलेल्या. काम करत नाहीत आणि जागाही सोडत नाहीत. पहिली दोन वर्षं त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. या शरीराला मी आजही परकी वाटते. सकाळी आठला आणि रात्री आठला केदार गोळ्या घेतो, त्या त्याच्या रक्तातल्या पहारेकऱ्यांना गुंगीत ठेवतात. गोळ्या चुकल्या की ते जागे होतात आणि मला हुसकावू लागतात.

कौतुक मात्र माझंच झालं. पाहुणे यायचे, केदारच्या पोटाकडे बघून हात जोडायचे. माझ्यासाठी केदारचं रक्त दर महिन्याला तपासलं जाई. उजवीला मागे ठेवलं, दोघींचं काम दिलं, आणि तिची चौकशी कोणी केली नाही. आईनं वर्षातून एकदा तरी रक्तदाब आणि रक्त तपासून घ्यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "मला काय धाड भरलीय?" ती म्हणायची. दोन वर्षांनंतर तिला कोणी नेलं नाही, तीही गेली नाही.

उजवीला माझा हेवा वाटत असणार. पण खरं सांगू? मलाच तिचा हेवा वाटायचा. मी हार घेतले, तिनं आई घेतली. आई माझ्यापासून चार हातांवर भाकरी थापत असायची, पण तिचं हृदय आता फक्त उजवीलाच ऐकू यायचं. असल्या हेव्यात मी नऊ वर्षं काढली. वाढलेल्या रक्तदाबानं उजवी झिजत झिजत बंद पडली, तेव्हाही मी तिच्यावर जळतच होते. याची मला लाज वाटते.

जालन्याच्या डायलिसिसच्या खोलीत आईशेजारी मंठ्याच्या सोनूबाई असत. मजुरी करणाऱ्या. त्यांनी एकदा विचारलं, "बाई, तुमचं नाव लावलंय म्हनं यादीत. कसली यादी असती?" मरणानंतर कोणी किडनी दिली तर ती मिळावी म्हणून वाट पाहणाऱ्यांची यादी. अशी यादी असते, हे त्यांना दीड वर्षात कोणी सांगितलंच नव्हतं. नाव लावायला तपासण्या, त्यासाठी शहराच्या खेपा. त्यांना एकही जमली नाही.

"माझ्या ल्योकाला म्हन्लं, तुझी एक दे की रे," सोनूबाई म्हणाल्या. "तर त्यो मोबाईलमधीच बघायला लागला." सगळी खोली हसली. आईही हसली. केदार मात्र खाली बघत होता.

त्याच दिवशी यशश्री शाळा सुटल्यावर तिथे आली. आता ती जालन्यातच शिकवते, तिला एक मुलगी आहे. तिनं पिशवीतून स्वतःच्या तपासणीचा कागद काढला. "आई, माझी घे. डॉक्टरांशी बोलून आलेय."

"येडेपणा करून राह्यलीस का?" आई म्हणाली. "तुला लेकरू होईस्तोवर तुझ्या घरी मी जेवले न्हाई. आता तुझं अंग घेऊ? लेकीला द्यायचं असतं. तिचं घ्यायचं नसतं."

यशश्रीनं कागदाची घडी घातली. ती पिशवीत ठेवली. यादीतूनही आईसाठी फोन आला नाही.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. घरात कोणी काही देत असेल, तर देऊन झाल्यावर तिच्याकडे बघा. आणि घरातलं कोणी देऊ करत असेल, तर ते परक्याचं समजू नका.

आई जाऊन पंधरा दिवस झाले. काल यशश्रीनं माहेरचं कपाट आवरताना केदारच्या गोळ्यांची डबी उघडली. शनिवार, रविवार, सोमवार. तिन्ही कप्पे भरलेले.

"हे काय?"

"विसरलो," केदार म्हणाला.

"तीन दिवस?"

"ताई, तिच्याकडे दोन असत्या तर ती असती. कोणत्या तोंडानं गोळी घेऊ?"

 यशश्रीनं डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं केदारच्या हातावर गोळ्या ठेवल्या, आणि तो गिळेपर्यंत बघत राहिली.

"उद्या रक्त तपासायला जायचं. मी येते," ती म्हणाली. "आणि ऐक. मला तुझा हेवा वाटतो. तिनं तुला दिली, याचा न्हाई. तुला घेता आली, मला देता आली न्हाई, याचा. मी भांडायला पाहिजे होतं. गप्प बसले."

मग तिनं हात पुढे केला आणि केदारच्या सदऱ्यावरून, बरोबर माझ्यावर, ठेवला. 

"आई," ती म्हणाली, "माझी किडनी तरी कुठे माझी होती गं? तूच घडवलेली. तुझीच तू घ्यायची होतीस."